सवतीचा लिलाव

१

दुपारी धुकं उतरलं आणि दुर्बीण नाहीशी झाली.

खरी दुर्बीण नव्हे. ती पितळेची, दंडाएवढी जाड नळी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, लाकडी पेटीत, कापसात गुंडाळून झोपली होती. नाहीशी झाली ती पडद्यावरची. सकाळपर्यंत लिलावाच्या साइटवर तिचं चित्र होतं, चित्राखाली लोकांनी लावलेल्या बोल्या होत्या आणि संध्याकाळी दिवेलागणीला लिलाव संपायचा होता. त्याआधीच कोणीतरी एकेक करून सगळ्या बोल्या पुसल्या आणि लिलाव मिटवून टाकला. चित्राच्या जागी एक करडा चौकोन उरला, बाहेरच्या धुक्याच्याच रंगाचा.

सगळ्यात वरची बोली होती ती एका दातांच्या डॉक्टरची. त्याने त्याच संध्याकाळी तक्रार ठोकली. ही तक्रार साइटच्या तंटा खात्यात तीनवारबाईंच्या टेबलावर आली.

तरुणपणी या बाई लिलावाच्या दालनात उभ्या राहून "एक वार, दोन वार, तीन वार" पुकारायच्या. दालन बंद पडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. विकणाऱ्याला आलेली बोली रद्द करता येते का, लिलाव मुदतीआधी मिटवता येतो का, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. उत्तरही ठरलेलं होतं. येतो, पण कारण लागतं. वस्तू फुटली, वस्तू हरवली किंवा वर्णनात चूक झाली, यातलं एक. मन बदललं हे कारण नव्हे. तसं करणाऱ्याचं खातं कायमचं बंद.

"पण मग बटण मुळात दाबूच का देतं?" असं नवे लोक विचारत.

"बटण कोणाला अडवत नाही," बाई म्हणत. "ते दाबू देतं. मग मागून मी येते."

त्यांनी खात्यातली नोंद उघडली. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. यादीत सगळ्यात मोठी बोली वर असते, बोट आधी तिच्यावरच जातं. इथे मात्र कोणीतरी यादी मुद्दाम तळापर्यंत सरकवली होती आणि सगळ्यात लहान बोलीपासून वर वर येत एकेक पुसली होती. शेवटी डॉक्टरची.

दुसरी गोष्ट होती कारणाच्या रकान्यात. प्रत्येक बोलीपुढे तेच, तसंच लिहिलेलं:

म ला ह वी आ हे

अक्षरं एकमेकांपासून लांब उभी होती, अनोळखी माणसं रांगेत उभी राहतात तशी.

विकणारीलाच हवी असेल, तर तिने ती बाजारात मांडली कशाला?

२

चष्म्याचं दुकान अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. आत शिरलं की सगळ्या भिंतींवरून चष्मे बघायचे. प्रत्येक काचेत बाहेरचा धुरकट उजेड थोडा थोडा साठलेला, त्यामुळे आपण पाण्याखाली उतरलो आहोत असं तीनवारबाईंना वाटलं.

गल्ल्यामागे भिंगवाल्याची थोरली लेक उभी होती. दुकानाचा मालक भिंगवाला गेल्या थंडीत वारला. दुकान आता ती चालवत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची आई मऊ फडक्याने काचा पुसत बसली होती. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा फळा होता, वर भलंमोठं अक्षर आणि खाली उतरत उतरत मुंगीएवढी.

"मी काहीच केलेलं नाही," थोरली म्हणाली. "दुपारी मी आतल्या अंधाऱ्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. बाहेर आले तर लिलाव गायब."

"टॅबलेट कुठे असतो?"

"इथेच, गल्ल्यावर. उघडाच असतो."

"मग कोणीही हात घालू शकतं."

"घालू दे की. लपवायला काय आहे त्यात?" थोरलीने टॅबलेट पुढे केला. "हे बघा, या चष्म्याच्या फ्रेमवर बोल्या आल्यात. प्रत्येकीखाली हे 'बोली काढा' आहे ना, ते दाबलं की कारण विचारतं. कारण लिहिलं की झालं. पण मी कशाला दाबेन? फुटली, हरवली, वर्णन चुकलं, याशिवाय दाबायचं नाही हे मला झोपेत विचारलंत तरी सांगेन. आमच्या चष्म्यांची गिऱ्हाइकं या गल्लीत येत नाहीत, बाई, ती याच्यात येतात. हे खातं बंद झालं तर दुकानाला कुलूप."

कोपऱ्यातून आवाज आला. "होऊ दे बंद. पण त्या सवतीला आधी घराबाहेर काढा."

"आई!"

"सवत नाही तर काय? यांचं लग्न माझ्याशी झालं आणि संसार तिच्याशी. दिवेलागणीला स्वारी गच्चीवर. जेवण निवतंय, दूध उतू जातंय, कशाचा पत्ता नाही. एक डोळा मिटलेला, दुसरा तिच्यात." म्हातारीने काच उजेडात धरली आणि फुंकर मारली. "मी कधी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही तिच्याकडे."

"म्हणूनच विकायला काढली," थोरली हळूच म्हणाली. "बाबा गेल्यापासून रोज हेच. काढा तिला, काढा तिला."

"काकू, काल दुपारी इथे कोण कोण आलं होतं?" तीनवारबाईंनी विचारलं.

"धाकटा आला होता डबा घ्यायला. आणि एक पांढऱ्या कोटवाला, पेटी उघडून दाखवा म्हणत. म्हटलं, लेक आत आहे, नंतर या."

"फळा जुना दिसतो," मागच्या खोलीत पेटी जागेवर असल्याचं बघून निघता निघता बाई म्हणाल्या.

थोरली पहिल्यांदाच हसली. "आईची शाळा आहे ती. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की फळ्यासमोर बसून एकेक अक्षर ओळखायची."

तीनवारबाईंनी नोंदीचा कागद थोरलीपुढे ठेवला. लिलाव मिटला की विकणाऱ्याला ही नोंद दिसत नाही. थोरली आज ती पहिल्यांदा बघत होती. तिने वाचलं. मग तिची नजर कागदावरून उठून फळ्यावर गेली, फळ्यावरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आणि लगेच परत खाली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "बोल्या मीच पुसल्या. लिहा तसं."

३

खोटं तर ती आत्ता बोलत होती.

नियम झोपेत म्हणून दाखवणारी बाई आपल्याच खात्यावर "मला हवी आहे" असं लिहील? "फुटली" एवढा एक शब्दही तिला पुरला असता. पत्र्याच्या छपराखाली धुकं चुकवत उभ्या राहिलेल्या तीनवारबाईंना कोणी हे केलं ते आता जवळजवळ कळलं होतं. फळ्यावर अक्षरं शिकलेला हात अक्षरं फळ्यासारखीच लांब लांब ठेवतो. लेकीनेही तेच ओळखलं होतं आणि आईला पाठीशी घातलं होतं.

का, एवढंच कळत नव्हतं. आणि खातं राहणार की जाणार ते सगळं त्या "का"वर होतं. घरातल्या माणसाने दुर्बीण विकायची नाही म्हणून बोल्या पुसल्या असतील, तर ते घराचंच मन बदलणं झालं. नियम सरळ होता. दुकानाला कुलूप.

पण जी बाई रोज "काढा तिला" म्हणते, तिला ती हवी कशी?

खात्री करून घ्यावी म्हणून त्या धाकट्याकडे गेल्या. भिंगवाल्याचा हा मुलगा पाट्या रंगवायचा. एका बेकरीच्या दारावर शिडी लावून तो वर चढला होता. धुक्यात त्याचे फक्त पाय दिसत होते, आवाज वरून येत होता.

"मावशी, खाली उभ्या राहू नका, पिवळा रंग आहे. डोक्यावर पडला तर फुलपाखरू व्हाल."

"दुर्बिणीच्या बोल्या तू पुसल्यास?"

"पुसायला हव्या होत्या." ब्रश थांबला. "ताईशी भांडलो मी त्यावरून. बाबांनी ते भिंग स्वतःच्या हाताने घासलं होतं. दोन वेळा तडकलं, तिसऱ्यांदा जमलं. असल्या वस्तूचा लिलाव करतात? पण माझं ऐकतं कोण? आईचं एकच, काढा तिला."

"तू पुसल्या असत्यास तर कसं केलं असतंस?"

"कसं म्हणजे? सापाचं आधी डोकं ठेचतात. त्या दातवाल्याला पहिल्यांदा उडवला असता. कारणात लिहिलं असतं, पायरीवरून पडली, चक्काचूर." तो हसला आणि शिडी हलली. "मीही माझी जुनी सायकल तिथेच विकली, मावशी. कुठे काय लिहायचं ते मला कळतं."

"काल डबा घ्यायला गेलास तेव्हा आई काय करत होती?"

एक पिवळा थेंब फुटपाथवर पडला.

"टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती," धाकटा म्हणाला. "मला बघून पदराखाली लपवला. मी म्हटलं, काय गं, काय बघतेस? तर म्हणाली, तुझ्या बापाची मजा बघतेय. मला वाटलं बाबांचे फोटो. तिचे डोळे ओले होते, म्हणून मी काही बोललो नाही."

४

डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर पाटी होती: "दात न दुखता काढून मिळतील." बाकावर गाल सुजलेला एक माणूस बसला होता.

"बाई, पाटी वाचून हसू नका," तो कण्हत म्हणाला. "इथे बाहेर दात काढणाऱ्याचे आत दात काढतात."

डॉक्टर उंच, वाकलेला, मऊ आवाजाचा माणूस होता. त्याच्या खोलीत काचेचं कपाट होतं. कपाटात पितळेच्या जुन्या वस्तू मखमलीवर निजल्या होत्या: होकायंत्र, तराजू, जहाजाची घंटा.

"त्यांनी ती बाहेरच्या बाहेर कोणाला तरी जास्त भावाने विकली असणार," तो म्हणाला. "नेहमीची चाल आहे. लिलावात भाव कळतो, मग लिलाव मिटवायचा आणि मागच्या दाराने सौदा."

"पेटी घरातच आहे. मी पाहिली. आणि भावासाठी केलं असतं तर तुमची बोली शेवटपर्यंत ठेवून आधी खालच्या पुसत बसण्यात काही अर्थच नव्हता."

डॉक्टरने कपाटाचं दार लोटलं. "मला पैशाचं नाही वाटत, बाई. बोली म्हणजे शब्द. मी शब्द दिला, त्यांनी तो घेतला. आता 'मला हवी आहे' असं कारण धाडून परत तोंडावर फेकायचा? हे थट्टा केल्यासारखं वाटलं मला."

"तुम्ही काल दुकानात गेला होतात."

"वस्तू डोळ्यांनी बघावी म्हणून. एक आजीबाई होत्या. तऱ्हेवाईक." तो आठवून हसला. "मी नाव सांगितलं तर मला नीट न्याहाळून म्हणाल्या, 'अच्छा, सगळ्यात वरचे ते तुम्हीच का?' मी म्हटलं, नाही हो, माझा दवाखाना तळमजल्यावर आहे. तर म्हणाल्या, 'असू दे. तुमच्यापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल.' मला वाटलं, त्यांना दात दाखवायचाय आणि नंबर लावायचाय. म्हटलं, या कधीही."

तीनवारबाई दारात थबकल्या.

तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. हे पुसणाऱ्याचं बोलणं नव्हतं. हे चढणाऱ्याचं बोलणं होतं.

पण चढणारी बाई बोल्या पुसेल कशाला?

५

परतताना त्यांनी ट्राम पकडली. खिडक्यांबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मधूनच एखादा दिवा यायचा, पाण्यातल्या माशासारखा काचेजवळ तरंगायचा आणि मागे जायचा. गाडी चालली आहे की शहरच हळूहळू मागे ओढलं जातंय ते कळत नव्हतं. सगळे प्रवासी पेंगत होते. बाईंचेही डोळे मिटत आले.

"तिकीट काढा," कंडक्टर म्हणाला. "चला, तिकीट काढा."

बाईंनी डोळे न उघडता पर्स चाचपली.

तिकीट काढा.

त्यांनी डोळे उघडले. कंडक्टर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला तेच सांगत होता, आणि त्या म्हाताऱ्याला बरोबर कळलं होतं की तिकीट घ्यायचं आहे. त्याच्याकडे नसलेली वस्तू आता त्याच्या हातात येणार होती. आणि तिकडे डॉक्टर दात काढतो तेव्हा असलेला दात जातो.

ट्राम डुलत राहिली आणि तो एक शब्द बाईंच्या डोक्यात डुलू लागला. मूल चित्र काढतं तेव्हा कोऱ्या कागदावर घर उभं राहतं. डाग काढला की कापड कोरं होतं. रुसलेल्याची समजूत काढायची, उन्हात डुलकी काढायची. दुकान काढलं असं म्हणतात तेव्हा दुकान सुरू होतं, आणि नोकरीवरून काढलं म्हणतात तेव्हा नोकरी संपते. एकच शब्द. आणणाराही तोच, नेणाराही तोच. आपल्याला जन्मभर ते कळत असतं, कारण समोरच्याचा चेहरा दिसत असतो. बटणाला चेहरा नसतो.

प्रत्येक नावाखाली एक बटण. त्यावर दोन शब्द. ते शब्द एकेक अक्षर जोडून वाचणारी एक बाई. तिला ते तिकिटासारखं कळलं तर?

"बाई, तिकीट काढलंत का?" कंडक्टर समोर उभा होता.

"काढलं," तीनवारबाई म्हणाल्या. "आत्ताच काढलं. मला पुढच्या थांब्याला उतरू दे, बाबा, मी उलट्या दिशेने चालले आहे."

६

तीनवारबाईंच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दुकानात पाच माणसं होती. थोरली गल्ल्यामागे, धाकटा दाराशी टेकून, डॉक्टर डोळे तपासायच्या उंच खुर्चीत अवघडून, आणि म्हातारी आपल्या कोपऱ्यात. तीनवारबाई फळ्याखाली उभ्या राहिल्या.

"या दुर्बिणीच्या बोल्या तीन जणांपैकी कोणी पुसल्या असत्या, ते मी बघितलं," त्या म्हणाल्या. "थोरलीने पुसल्या असत्या तर नियमात बसणारं कारण दिलं असतं. ती म्हणते मीच केलं. मी ते धरत नाही."

थोरलीने टॅबलेट गल्ल्यावर पालथा ठेवला.

"धाकट्याने वरून सुरुवात केली असती. तो स्वतःच तसं म्हणाला. डॉक्टरची बोली सगळ्यात वरची होती, तिच्यावर पाणी सोडण्यात डॉक्टरचा काही फायदा नाही. मग ज्याने केलं त्याने खालून सुरुवात का केली? दालनात मी कितीतरी वर्षं बघितलंय. खालून वर कोण जातं? जो पुसतो तो नाही. जो बोली लावतो तो. आधी लहान बोलीवाल्याला मागे टाकायचं, मग त्याच्या वरच्याला, मग त्याच्या वरच्याला."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"म्हणजे कोणी लिलाव मोडलाच नाही. कोणीतरी लिलावात उतरलं होतं." बाईंनी टॅबलेट उचलला आणि बटणावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, बोली काढा. तिकीट काढा, फोटो काढा, तसं. त्या माणसाने काढली. मग याने विचारलं, कारण काय? त्या माणसाला वाटलं, मला विचारतायत की तुला ही वस्तू कशासाठी घ्यायची आहे. त्याने खरं ते लिहिलं. आणि नाव पुसलं गेलं तेव्हा त्याला वाटलं, हा हरला, आता वरचा."

भिंतींवरचे सगळे चष्मे कोपऱ्याकडे बघत होते, पण माणसांपैकी कोणी तिकडे पाहिलं नाही. थोरली तर मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली.

"त्या माणसाचं नाव सांगायची मला गरज नाही," तीनवारबाई म्हणाल्या. "पण त्याने स्वतः सांगितलं नाही तर माझ्या कागदावर हा नुसता तर्क राहतो. आणि तर्कावर खातं वाचत नाही."

फडकं काचेवर गोल गोल फिरत होतं. ते थांबलं.

"वरचे गेले तेव्हा खाली एकच बटण राहिलं होतं, 'लिलाव संपवा'," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, जिंकले. आता तो हातोडा मारतात ना, तसं असेल. मारला." तिने पदराने नाक पुसलं. "मी चोरी केली नाही हो. मी बोली काढली."

"आई, अगं, पण मला सांगायचंस ना!" थोरली वळली. "एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी ती पेटी हलवलीसुद्धा नसती."

"कोणत्या तोंडाने सांगू? उभा जन्म तिला सवत म्हटलं. शेजारीपाजारी, तुमच्यापुढे, त्यांच्यापुढेसुद्धा. तू विकायला मांडलीस तेव्हा म्हटलं, बरं झालं. मग रात्रंदिवस डोळ्यासमोर तीच. मग वाटलं, एवढी परकी माणसं घेतायत, त्यांच्या गर्दीत आपणही एक. कोणाला कळायचं नाही. पेटी दारातून जाईल आणि दारातून परत येईल."

"आणि पैसे कुठून देणार होतीस?" धाकट्याने विचारलं.

"ते घेतल्यावर बघितलं असतं. तुझा बाप नाही का, आधी भिंग आणायचा आणि मग किराणा."

डॉक्टर खुर्चीतून खाली उतरला. "आजी, तुम्ही तिच्यातून कधीच पाहिलं नाहीत?"

"ती पहिल्यांदा पुरी झाली तेव्हा त्यांनी हाक मारली होती. गच्चीवरून. लवकर ये, लवकर ये, म्हणून. माझे हात साबणात होते. म्हटलं, येते. हात धुऊन, भांडी पालथी घालून जिन्यापाशी गेले तोवर ते खाली उतरत होते. म्हणाले, ढग आले." ती थांबली. "पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. मी विचारलं नाही."

थोरली तीनवारबाईंकडे वळली. "आता काय होणार?"

"खातं राहील. चूक आमच्या बटणाची आहे. तिथे 'रद्द करा' असं लिहायला हवं होतं, ते मी बदलायला लावते." बाईंनी श्वास घेतला. "पण ज्यांनी बोल्या लावल्या त्यांचा काही दोष नाही. त्या सगळ्या परत लागतील. लिलाव जिथे तुटला तिथून पुढे चालू होईल आणि संपेल."

"मग आईला बोली लावू दे ना!" धाकटा म्हणाला. "आता नीट लावेल."

"विकणाऱ्याच्या घरच्या माणसाला बोली लावता येत नाही. नाहीतर सगळेच घरचे उभे करून भाव चढवतील."

"मग मी लिहिते, फुटली," थोरली एकदम म्हणाली. "कारणात बसतं ते. लिहू?"

"फुटली आहे का?"

थोरलीने ओठ चावला. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता. तो मागे हटेल असं वाटत होतं, आणि त्यालाही बहुतेक तसंच वाटत होतं. पण त्याने मान हलवली. "मी बोली मागे घेणार नाही," तो अगदी हळू म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मलाही ती हवी आहे."

"बरोबर आहे," म्हातारी म्हणाली. "ते वरचे आहेत. शब्द दिलाय. नेऊ देत." तिने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "तू फुटली म्हणू नकोस गं. त्यांनी घासलेली आहे ती."

७

तीनवारबाईंनी पेन काढलं.

"बोल्या परत लावण्याआधी माल शाबूत आहे का ते तपासावं लागतं," त्या म्हणाल्या. "पेटीत बघून भागत नाही. उभी करून, डोळा लावून बघावी लागते. घरातल्या कोणीतरी बघून मला सांगायचं, आणि मी लिहायचं. शाबूत आहे एवढं लिहिलं की लिलाव चालू."

"असा नियम आहे?" थोरलीने विचारलं.

"माल बघितल्याशिवाय मी कधी पुकारलेलं नाही."

धाकट्याने पेटी खांद्यावर घेतली. दुर्बिणीच्या तिवईचे तीन लाकडी पाय जिन्यात अडकू लागले, तेव्हा डॉक्टर पुढे झाला. "पाय मी धरतो," तो म्हणाला. म्हातारीला थोरलीने दंडाला धरून वर आणलं.

धुकं गच्चीच्या खालीच थांबलं होतं. सगळ्या गल्ल्या, दुकानं, ट्रामचे रूळ त्याच्यात बुडाले होते आणि वर नुसत्या गच्च्या आणि धुरांडी बेटांसारखी उरली होती. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. पूर्वेला चंद्र वर आलेला, फिकट, पुरता गोल नसलेला, दिवसाच्या उजेडात विसरून राहिल्यासारखा.

धाकट्याने नळी जोडली, वळवली, स्क्रू फिरवला, डोळा लावला, पुन्हा फिरवला. मग बाजूला झाला.

"ये आई."

म्हातारी दोन पावलं लांबच उभी राहिली. हात पदराला पुसले, कोरडेच होते तरी. मग ती वाकली. थोरलीने तिचा दुसरा डोळा मिटायला हाताने मदत केली.

बराच वेळ गेला. खाली धुक्यात ट्रामची घंटा वाजली आणि विरली.

"एवढ्यासाठी?" म्हातारी म्हणाली. "अगबाई. एवढ्यासाठी होय?"

"काय दिसतंय, आई?" थोरलीने विचारलं. "मला बघू दे ना."

"थांब."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, "आजी, कडेला बघा, उजेड आणि अंधार जिथे मिळतात तिथे. तिथे डोंगरांच्या सावल्या दिसतात म्हणे."

"दिसल्या. तुम्ही बोलू नका, हलतं."

धाकटा कठड्यावर बसला. थोरलीने आईच्या पाठीवर आपली शाल टाकली. गच्चीवर एकेक गोष्ट निळी होत गेली आणि चंद्र जड आणि पिवळा होत गेला. तीनवारबाईंनी कागद गुडघ्यावर धरला होता, पेन टेकवलं होतं.

"काकू," त्या म्हणाल्या, "काच शाबूत आहे ना? लिहू मी?"

म्हातारीने डोळा काढला नाही. एक हात मागे करून तिने बाईंचं पेन चाचपलं आणि कागदावरून बाजूला सारलं.

"माझं अजून बघून झालेलं नाही."